चिनी सण आणि आप्पांची खतावणी

आमच्या निरगुडसर गावात चिनी नववर्षाची वर्दी पहिल्यांदा फवारणीच्या पंपाला मिळते. ऐन जानेवारी-फेब्रुवारीत कांद्यावर करपा उतरतो, नेमकी तेव्हाच पंपाची मोटर मान टाकते, आणि मंचरचा दुकानदार पंपाकडे न बघताच सांगतो, “पार्ट नाय. चायनाला सुट्टी हाये.” मग मोबाइलचा डिस्प्ले, बॅटरीचा चार्जर, पोराच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक, सगळं एकदमच ‘चायनाला सुट्टी’ या सदरात जमा होतं. रांजणगाव-चाकणला कामाला जाणारी गावातली पोरंही सांगतात की तिकडून माल सुटायचा थांबलाय. आपल्याकडे सण आला की आपलीच कामं खोळंबतात. या लोकांचा सण असा की करपा निरगुडसरमध्ये बळावतो.

आमचे थोरले चुलते, म्हणजे आप्पा, यात्रा कमिटीचे जुने खजिनदार. गावच्या यात्रेची वर्गणी वर्षानुवर्षं त्यांच्या लाल खतावणीत उतरत आली आहे, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना जमा आणि खर्च या दोन रकान्यांतच समजते. पार्ट येईना तेव्हा त्यांनी मला धरलं. “कसला रं ह्यो सण? आपून सणाच्या दिवशीबी गोठ्यात हात घालतो. ह्ये पंधरा-पंधरा दिवस कारखाना बंद ठिवून करत्यात तरी काय?” मी म्हटलं, वाचून सांगतो. त्यांनी खतावणीचं कोरं पान काढलं, वर ‘चीन’ असं लिहिलं आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे, सणात म्हाताऱ्या माणसाला काय मिळतं. उजवीकडे, त्याचं काय जातं. सण तपासायची याहून प्रामाणिक रीत मला अजून सापडलेली नाही.

सुरुवात पंचांगापासून झाली, कारण आप्पांना तारखा चालत नाहीत, तिथी लागते. चिनी लोकांचंही तसंच आहे. चीनने १९१२ साली इंग्रजी कॅलेंडर सरकारी म्हणून स्वीकारलं, पुढे तिथल्या सरकारने जुनं नववर्ष बंद पाडायचाही प्रयत्न करून पाहिला, पण लोकांनी सरकारचं कॅलेंडर कचेरीत टांगलं आणि सण आपल्या चंद्रावरच ठेवले. त्यांचं नववर्ष अमावस्येला लागतं. वर्षातला सर्वांत लहान दिवस उलटल्यावर येणारी साधारण दुसरी अमावस्या, म्हणजे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मधली. बहुतेक वर्षी ही आपली पौषातली अमावस्या असते. पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा झाली, बैलगाडे पळाले, भंडारा झटकून लोक घरी आले, की पंधरा दिवसांनी चीन बंद. हे सूत्र आप्पांना फार आवडलं. २०२६ साली मात्र घोळ झाला. नववर्ष माघातल्या अमावस्येला, १७ फेब्रुवारीला लागलं, आणि खंडोबाच्या हिशेबावर पंप दुरुस्तीचा बेत आखणारे आप्पा महिनाभर आधीच पार्टची चौकशी सोडून बसले.

चिनी वर्षाला बारा प्राण्यांपैकी एकाचं नाव असतं. उंदीर, बैल, वाघ अशी रांग आहे. १७ फेब्रुवारी २०२६ ला घोड्याचं वर्ष लागलं. आपल्या जन्माच्या प्राण्याचं वर्ष आलं की ते आपल्याला जड जातं, म्हणून वर्षभर लाल पट्टा, लाल मोजे असं काहीतरी लाल घालायचं. आप्पांना स्वतःचा प्राणी कळावा अशी इच्छा झाली. पण त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला आहे, आणि वर्ष गुरुजींनी पोराच्या उंचीवरून ठरवलेलं आहे. “मंग गुरुजींनी कुठला प्राणी दिला ते बघ,” आप्पा म्हणाले. वाघ निघाला. यावर काकू घरातून एवढंच म्हणाल्या, “गुरुजी चुकलंच.”

वाघाचा विषय आमच्याकडे फार वेळ हसण्यावारी नेता येत नाही. चिनी नववर्षाच्या गोष्टीत ‘न्येन’ नावाचा एक राक्षसी प्राणी आहे. तो वर्षाच्या शेवटच्या रात्री गावात शिरून माणसं-जनावरं खायचा. मग लोकांना उमगलं की तो लाल रंगाला, जाळाला आणि मोठ्या आवाजाला भितो. तेव्हापासून दारांवर लाल कागद, लाल कंदील आणि फटाके. आमच्या जुन्नर-आंबेगावात न्येन उसात राहतो आणि वर्षातून एकदा यायची त्याला शिस्त नाही. गळिताच्या हंगामात ऊस तुटला की तो बाहेर पडतो, नेमका त्याच दिवसांत, जेव्हा शेतीची वीज रात्री मिळते आणि माणसाला पाणी धरायला जावंच लागतं. फटाके आम्हीही वाजवले आहेत, शेकोट्या पेटवल्या आहेत, बॅटऱ्या मारल्या आहेत. त्या रात्री बिबट्या पलीकडच्या शिवारात जातो आणि पलीकडच्यांनी फटाके वाजवले की परत येतो. पिंजऱ्यात सापडलाच तर जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो. ज्यांच्या घरात दुःख झालं आहे त्यांना ही गोष्ट सांगायची माझी हिंमत नाही. आप्पांना सांगितली, तर म्हणाले, “त्येंचा जनावर वर्षातनं एकदा येतो आन् लाल बघून पळतो? मंग त्यो वाघ नाय, पावणा हाये.”

आप्पांच्या खतावणीत पहिली खरी नोंद झाली ती चुलीच्या देवाची. चिनी घरात चुलीवर एक देव चिकटवलेला असतो. तो वर्षभर बघत असतो, कोण भांडलं, कोणी अन्न टाकलं, सासूने सुनेला काय सुनावलं. बाराव्या महिन्याच्या तेवीस-चोवीस तारखेला तो वर स्वर्गात जातो आणि जेड सम्राटापुढे त्या घराचा वार्षिक अहवाल ठेवतो. म्हणून तो निघायच्या आधी त्याच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ लावतात. एक तर तोंड चिकटून बसावं, नाहीतर निदान बोलणं गोड यावं. मग त्याचं चित्र जाळायचं, म्हणजे तो रवाना झाला. नववर्षाला नवं चित्र लावायचं, म्हणजे तो परत रुजू झाला.

हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. जन्मभर हिशेब तपासून घेतलेला माणूस. ऑडिटरला चहा, भजी, वर ऊस खायचा आग्रह, एवढंच त्यांना माहीत. “तोंड चिकटवायचा पदार्थ असतोय, ह्ये आम्हाला कुणी सांगितलंच नाय,” ते हळहळले. आणि लगेच खजिनदाराच्या नजरेने पुढचा प्रश्न, “पर त्यो देव चुलीवर बसून काय बघणार? आता समदी भांडणं मोबाइलवर होत्यात.”

नववर्षाच्या आदल्या रात्री सगळ्या घराने एकत्र जेवायचं, हा चिनी सणाचा कणा. आणि सगळं घर म्हणजे खरोखरच सगळं. शेंचेनच्या कारखान्यातला मुलगा, शांघायमधली सून, बांधकामावरचा भाऊ, सगळ्यांनी आपापल्या खेड्यात पोचायचं. त्यासाठी चाळीस दिवस चालणारी प्रवासाची धांदल असते, तिला ‘चुनयुन’ म्हणतात. माणसांचं जगातलं सर्वांत मोठं वार्षिक स्थलांतर म्हणून ती ओळखली जाते. हे ऐकून पुणेकर थक्क होतील, आमच्या भागातला माणूस होणार नाही. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी, अकोले या तालुक्यांतले. ते दरवर्षी चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी पाच-सहा दिवस रजेवर जातात आणि साहेबलोक कँटीनमध्ये काय मिळतं ते बघत हिंडतात. जगातल्या व्यवस्थापनाच्या शाळा डबा वेळेवर कसा पोचतो याचा अभ्यास करतात. माणूस यात्रेला वेळेवर कसा पोचतो, तो अभ्यास अजून कोणी केलेला नाही. वाशीच्या भाजी बाजारातला, भोसरीच्या वर्कशॉपमधला, हिंजवडीच्या काचेतला, एरवी वर्षभर फोन न उचलणारा माणूस यात्रेच्या सकाळी शर्यतीच्या घाटात बैलगाड्याची पहिली बारी सुटायच्या आत उभा असतो.

घरी पोचल्यावर काय होतं, ते तिकडेही इकडच्यासारखंच. जेवण वाढता वाढता आत्या, मावशी, काकू यांची समिती बसते आणि एकच ठराव मांडला जातो : लग्नाचं काय? चीनमध्ये या प्रश्नाची एवढी दहशत आहे की काही तरुण नववर्षापुरती भाड्याने मैत्रीण किंवा मित्र घेऊन घरी जातात. दिवसाचा दर ठरलेला, जेवण-प्रवास वेगळा. आईबापही कमी नाहीत. शांघायच्या पीपल्स पार्कात आठवड्याच्या सुट्टीला म्हातारे-म्हाताऱ्या जमिनीवर छत्र्या उघडून ठेवतात आणि त्यांवर मुलामुलीचं वय, उंची, पगार, घर असा कागद लावून दिवसभर बसतात. आप्पांनी यावर शेरा मारला नाही. आमच्या घरात एक पुतण्या बत्तिशीचा आहे, बागायती आहे, ट्रॅक्टर आहे, डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आहे, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, “नोकरी कुठं?”

म्हणून सातव्या महिन्याच्या सप्तमीची गोष्ट मी सांगायला नको होती. त्या गोष्टीत एक गरीब गुराखी आहे. त्याचा म्हातारा बैल बोलतो. बैल त्याला सल्ला देतो आणि स्वर्गातली विणकर कन्या त्याची बायको होते. पुढे देवांना ते रुचत नाही, आकाशगंगेची नदी दोघांच्या मध्ये आडवी येते, आणि वर्षातून एकदा, सप्तमीला, पक्षी आपल्या अंगांचा पूल करून त्यांची भेट घडवतात. चिनी प्रेमिक हा दिवस गुलाब आणि चॉकलेटं देऊन साजरा करतात. आप्पांचं लक्ष प्रेमाकडे नव्हतं. “गुराख्याला पोरगी दिली?” त्यांनी दोनदा विचारलं. “सात-बारा बघितला नाय? फ्लॅट मागितला नाय?” मग गोठ्याकडे बघून म्हणाले, “आपल्या बैलाला घाटातलं समदं कळतं. ह्येवढं सोडून.”

घाटावरून आठवलं. पाचव्या महिन्याच्या पंचमीला चीनमध्ये ड्रॅगन-होड्यांच्या शर्यती होतात. लांबलचक होडी, पुढे ड्रॅगनचं तोंड, दोन्ही बाजूंना वल्हेकरी आणि नाकाडावर बसून ढोल बडवणारा एक. ही शर्यत चालते ती एका मंत्र्याच्या आठवणीत. छू राज्यातला छू युआन हा मंत्रीही होता आणि मोठा कवीही. राजाला खरा सल्ला दिला म्हणून त्याला हद्दपार केलं गेलं, आणि राज्य बुडतंय हे बघून त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले, माशांनी त्याचं शरीर खाऊ नये म्हणून नदीत भात टाकला. त्याचीच आठवण म्हणून आजही पानांत गुंडाळून उकडलेला चिकट भात खातात. कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाणाऱ्याला याची चव समजवावी लागणार नाही. युनेस्कोने २००९ साली हा सण आपल्या वारशाच्या यादीत घेतला, नववर्षाला मात्र डिसेंबर २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

निरगुडसरला मंत्र्यांचं अप्रूप नाही. गावाने राज्याला विधानसभेचा अध्यक्ष दिला, गृहमंत्री दिला. पण खरं बोलल्यामुळे मंत्रिपद गेलेल्या माणसासाठी दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोक होड्या वल्हवतात, हे ऐकून पारावरची मंडळी चकित झाली. आपल्याकडे पद गेलं की पहिल्यांदा फ्लेक्स उतरतो. आप्पांचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता, “होड्यांवर बंदी आली व्हती का?” अधूनमधून आली होती. बैलगाड्यांवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. त्या मधल्या सात वर्षांत आमच्या भागातल्या माणसाला घटनेची कलमं जितकी पाठ झाली तितकी नागरिकशास्त्राच्या मास्तरांनाही नव्हती. चिनी ड्रॅगनचं एक बरं आहे. तो लाकडाचा, त्याला वकील लागत नाही.

आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे त्यांची कोजागरी. बहुतेकदा ती आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडते, कधी कोजागरीलाच येते. चंद्र बघायचा, कंदील लावायचे, घरच्यांनी एकत्र बसायचं. त्यांच्या चंद्रात छांग-अ नावाची देवी राहते आणि आपल्यासारखाच एक ससा. फरक एवढाच की चिन्यांनी तो ससा खरोखर पाठवला. २०१३ साली त्यांचं छांग-अ नावाचं यान चंद्रावर उतरलं आणि त्यातून ‘जेड ससा’ नावाची गाडी बाहेर आली. आपण दुधात केशर घालून चंद्राचं प्रतिबिंब पाडतो, तेही कमी कौशल्याचं काम नाही, विशेषतः पाऊस न थांबलेल्या वर्षी.

या पौर्णिमेचं पक्वान्न म्हणजे मूनकेक. तळहाताएवढा, गोल, वरती नक्षी, आत कमळाच्या बियांचा गोड लगदा आणि मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा पिवळा बलक. खाल्ला की पोटात दगडासारखा बसतो, म्हणून तो खाण्यापेक्षा देण्याची पद्धत आहे. क ने ख ला दिला, ख ने ग ला, आणि ग च्या घरून तो फिरत फिरत क कडे परत. हा चीनचा सोनपापडीचा डबा. पुढे त्या डब्यांना रेशमी अस्तर लागलं, आत भारी दारूच्या बाटल्या आल्या, साहेबांची सोय होऊ लागली. शेवटी २०१३ साली पक्षाच्या शिस्त समितीने सरकारी पैशातून मूनकेक घ्यायला बंदी केली. भ्रष्टाचार करंज्यांतून चालतो हे एखाद्या सरकारने इतक्या उघडपणे मान्य केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पितरांचे मुख्य सण त्यांच्याकडे दोन. एप्रिलच्या चार-पाच तारखेला छिंगमिंग, तेव्हा थडगी झाडून फुलं वाहायची. आणि सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला भुतांचा सण, तेव्हा परलोकाची दारं उघडतात. आपण पितरांना खीर-वडे ठेवतो आणि कावळ्याची मनधरणी करतो. कावळा शिवत नाही, मग “धाकट्याचं लग्न करीन”, “बांधाचा वाद मिटवीन” अशी आश्वासनं द्यावी लागतात. चिनी माणूस मधला कावळा ठेवतच नाही. लागेल ती वस्तू कागदाची करतो आणि जाळतो, की थेट पोच. पूर्वी कागदी नोटा जाळायचे. आता कागदी बंगला, कागदी मोटार, कागदी मोबाइल आणि सोबत कागदी चार्जर. आप्पांनी हे जमेच्या रकान्यात लिहिलं खरं, पण पुढे कंसात शेरा मारला : ‘मेल्यावर’.

दक्षिणेकडे, सिंगापूर-मलेशियातल्या चिनी वस्त्यांत, भुतांच्या महिन्यात उघड्या मंडपात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग मोकळी ठेवतात. ती भुतांसाठी राखीव. जिवंत माणसाने तिथे बसायचं नाही. हे मी सांगितलं तेव्हा पारावर एकच हशा झाला. आमचा मुलूख तमाशाचा. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला जातात. विठाबाई नारायणगावकरांच्या गावात तमाशा काय असतो हे कोणी शिकवायला नको. आणि पहिली रांग राखीव ठेवायची रीतही आमच्याकडे जुनीच आहे. फक्त तिकडचे पाहुणे दिसत नाहीत, वेळेवर येतात आणि मध्येच माइक मागत नाहीत.

छिंगमिंगच्या नोंदीत एक मराठी माणूसही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथलीच मुलगी केली आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आप्पांना ठाऊक होता. ठाऊक नव्हतं ते हे, की शिज्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे आणि छिंगमिंगच्या दिवसांत चिनी लोक तिथे फुलं वाहतात. “सोलापूरच्या माणसाला तिकडं कावळा शिवतो म्हन की,” आप्पा म्हणाले आणि जमेला लिहिलं. या वेळी कंस केला नाही.

असेच काही चिनी आपल्याकडे राहून गेले. मुंबईत माझगावला सी यिप कून नावाचं १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, खलाशांनी उभं केलेलं. बाहेरून साधं दुमजली घर, वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा न्यायाचा आणि शौर्याचा देव. नववर्षाच्या रात्री मुंबईतली उरलीसुरली चिनी कुटुंबं तिथे उदबत्त्या लावतात. बाकी महाराष्ट्राला चीन ठाऊक आहे तो यात्रेतल्या चायनीजच्या गाडीवरून. त्या गाडीवरचं मंच्युरियन १९७५ च्या सुमारास मुंबईतच, नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्याच्या हातून जन्मलं. त्यातला कोबी आमच्या शिवारातला असतो आणि त्याचा रंग चुलीच्या देवालाही अहवालात लिहिता येणार नाही.

आता आप्पांच्या रकान्यांना वेग आला, कारण विषय पैशावर पोचला. चिनी नववर्षाला थोरल्यांनी धाकट्यांना लाल पाकिटात पैसे द्यायचे. नुसत्या नातवंडांना नव्हे, भावाच्या, बहिणीच्या, शेजाऱ्याच्या, बिनलग्नाच्या सगळ्यांना. २०१४ पासून ही पाकिटं मोबाइलवरूनही जायला लागली. कुटुंबाच्या ग्रुपवर आजोबा पाकीट टाकतात आणि सगळे एकदम झडप घालतात, कुणाला किती मिळतील ते यंत्र ठरवतं. आप्पांनी घरातली पोरं मोजली, भावकीतली मोजली आणि पेन खाली ठेवलं. “म्हंजी तिकडं सण आला की थोरल्यानं वाटायचं? आपल्याकडं थोरल्यानं गोळा करायचं असतं रं!”

त्यांना धीर यावा म्हणून मी नवव्या महिन्याची नवमी सांगितली. त्या दिवशी डोंगर चढायचा, शेवंती बघायची आणि म्हाताऱ्यांचा मान ठेवायचा. २०१३ साली चीनमध्ये वृद्धांच्या हक्काचा सुधारलेला कायदा लागू झाला. त्यात ही नवमी ज्येष्ठांचा दिवस म्हणून घातली आणि दूर राहणाऱ्या मुलांनी आईबापांना वरचेवर भेटायला गेलंच पाहिजे, असं कलम टाकलं. आप्पा ताठ बसले. “कायदा?” कायदा. “न येणाऱ्यावर केस?” करता येते. मग अधिक महिना सांगितला. आपल्यासारखाच तोही एकोणीस वर्षांत सात वेळा येतो. २०२३ साली आपला श्रावण दोनदा झाला, त्यांचा दुसरा महिना दोनदा झाला. आपण धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतो. चीनच्या काही भागांत अधिक महिन्यात लग्न झालेल्या लेकी आईबापांना नवे बूट घेऊन येतात. आप्पांनी आपल्या तुटक्या चपलेकडे बघितलं आणि जावयाच्या अनारशांचा मागचा सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

त्या संध्याकाळी खतावणीची बेरीज झाली. जमा : बूट एक जोड, दर तीन वर्षांनी. शेवंती. पोराची भेट, कायद्याने. बंगला, मोटार, मोबाइल (मेल्यावर). खर्च : लाल पाकिटं, दर वर्षी, मरेपर्यंत. “सण चांगलं हायेत,” आप्पांनी निकाल दिला, “पर थोरल्याला परवडायचं नाय.” तरी एक गोष्ट उचलण्यासारखी होती, ती त्यांनी उचलली. यंदाच्या यात्रेला त्यांनी नवा प्रस्ताव मांडला : जो गावी येऊन यात्रा करील त्याला अर्धी वर्गणी, जो येणार नाही त्याला दुप्पट. चीनने कलम घातलं, आपण पावती फाडू. कमिटीतल्या पोरांनी स्कॅनरचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली नियम लिहिला.

पाचच मिनिटांत हिंजवडीच्या पुतण्याने दुप्पट रक्कम धाडली. सोबत जोडलेल्या हातांचं चित्र, एक भंडारा उधळल्याचं चित्र आणि ‘कामामुळे जमणार नाही, काका’. पाठोपाठ वाशीहून आली, भोसरीहून आली. दुप्पट वर्गणीचं सगळ्यांना एवढं स्वस्त वाटलं की तासाभरात मागच्या वर्षीपेक्षा मोठी रक्कम गोळा झाली. मी आनंदाने आकडे वाचून दाखवले आणि आप्पा ते एकेक करून उतरवून घेत होते. पान संपल्यावर माझ्या लक्षात आलं की ते सगळं उजवीकडे लिहीत होते, खर्चाच्या बाजूला.

“आप्पा, चुकताय. पैसे आलेत, जमेला धरा.”

“पैसं आलं, पोरगं गेलं,” आप्पा म्हणाले. “खजिनदार तू का मी?”